अंश सगळ्यांना दिसतो, छेद कोण विचारतो? आपत्कालीन वैद्यकातल्या संशोधनात बायोस्टॅटिस्टिशियनचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मिरजेत राहते. संख्याशास्त्रात एमएस्सी केलं आणि गेली बारा वर्षं कॅज्युअल्टीतून निघणारे आकडे बघते: सर्पदंश, अपघात, विषबाधा, हार्ट अटॅक, डोक्याला मार. सांगली, मिरज, कराड, साताऱ्याकडचे डॉक्टर अभ्यास करतात. त्याची आखणी आणि शेवटचा हिशेब माझ्याकडे असतो. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, एमएस्सीच्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि रात्री दहा वाजता थिसिसवाल्या रेसिडेंटच्या फोनवर तेच ते प्रश्न येतात. म्हणून एकदाचे लिहून ठेवले. क्रम आठवेल तसा आहे.

म्हणजे तू डॉक्टर का?

नाही. सासरच्या आत्यांनी हे तीनदा विचारलंय. चौथ्यांदा विचारलं तेव्हा बरोबर गुडघ्याचा एक्स-रे होता. मी तो खिडकीशी धरून बघितला आणि ऑर्थोपेडिककडे पाठवलं, एवढंच माझं वैद्यकीय कर्तृत्व.

मग नेमकं करतेस काय?

डॉक्टर म्हणतात, ‘या औषधानं पेशंट लवकर सुधारतात असं वाटतं.’ त्या ‘वाटतं’चं काय करायचं, हे ठरवणं माझं काम. कोणते पेशंट घ्यायचे, किती घ्यायचे, सुधारला म्हणजे नेमकं काय झालं, ते कोण आणि कधी मोजणार, मधेच निघून गेलेल्यांचं काय करायचं. हे सगळं पहिला पेशंट येण्याआधी कागदावर उतरवायचं. लोकांना वाटतं मी शेवटी येऊन गणित करते. शेवटचं गणित बहुतेक वेळा दोन दिवसांचं असतं. आधीचं भांडण सहा महिने चालतं.

भांडण कशावरून, तर बहुतेक वेळा छेदावरून. शाळेतला अपूर्णांक आठवा: वर अंश, खाली छेद. किती दगावले हा अंश, तो सगळ्यांना दिसतो. कितीपैकी दगावले हे विचारलं की खोलीत शांतता पसरते.

उदाहरण रचून सांगते. समजा, एका रुग्णालयाच्या रजिस्टरात वर्षभरात सर्पदंशाच्या १०० नोंदी आहेत आणि त्यातले ४ दगावले. मृत्यूदर ४ टक्के. छान. आता विचारा की या शंभरात धामण किंवा दिवड चावून नुसतेच घाबरून आलेले किती? समजा ६०. मग खरी विषबाधा झालेले ४०, त्यात ४ मृत्यू, म्हणजे १० टक्के. पुढे विचारा की वाटेतच गेलेले कुठे आहेत? ते ‘ब्रॉट डेड’ म्हणून दुसऱ्या रजिस्टरात असतात, कारण त्यांचा कागद थेट पोस्टमॉर्टेमकडे जातो. समजा ते ३. आता ४३ पैकी ७, म्हणजे १६ टक्के. रुग्णालय तेच, वर्ष तेच, साप तेच. ४ टक्के छापायचे की १६, हे तुम्ही छेदात कोणाला बसवता यावर ठरतं. त्यात डामा, म्हणजे सल्ला झुगारून घरी नेलेले, आणि कोल्हापूरला रेफर केलेले मी अजून धरलेलेच नाहीत.

देशपातळीवरही हेच घडलं. भारतात सर्पदंशानं किती माणसं जातात याचे रुग्णालयातून आलेले आकडे वर्षानुवर्षं लहान दिसायचे. ‘मिलियन डेथ स्टडी’त उलट वाटेनं गेले: घरोघरी जाऊन, ‘तुमच्याकडे कोण वारलं, कसं वारलं’ हे विचारलं. २००० ते २०१९ या काळाचा अंदाज निघाला सुमारे १२ लाख मृत्यू, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्याच अभ्यासाच्या आधीच्या टप्प्यात दिसलं होतं की चारातले तीन मृत्यू दवाखान्याबाहेर झालेले. ते रजिस्टरात येणार कुठून?

इतर संशोधनापेक्षा यात वेगळं काय?

घड्याळ.

मधुमेहाच्या अभ्यासात पेशंट मंगळवारी आला काय नि गुरुवारी आला काय, फारसं बिघडत नाही. इथे सगळा खेळ तासांचा, कधी मिनिटांचा असतो, आणि वेळ हाच सगळ्यात कच्चा आकडा असतो.

‘साप कधी चावला?’ असं विचारलं की उत्तर येतं: दिवेलागणीला. धार काढायच्या वेळी. रात्रीची लाइट आली तेव्हा मोटर चालू करायला गेलो होतो तेव्हा. हे शेवटचं उत्तर खरं तर सगळ्यात उपयोगी, कारण शेतीपंपाची वीज किती वाजता येते ते गावातला कोणीही सांगतो आणि त्यावरून वेळ काढता येते. ‘सात वाजता’ असं ठणकावून सांगणाऱ्यापेक्षा हा माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो. रजिस्टरातल्या वेळा मांडून बघा; ७.००, ७.३०, ८.०० वर नुसते ढीग दिसतील आणि ७.१३ ला जिल्ह्यात कधीच काही घडलेलं नसतं.

दुसरी गंमत घड्याळांची. १०८ रुग्णवाहिकेची सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्याकडच्या कॉलची वेळ संगणकातून येते. कॅज्युअल्टीची वेळ भिंतीवरच्या घड्याळातून, इंजेक्शनची वेळ सिस्टरच्या मनगटातून, सीटी स्कॅनची वेळ मशिनमधून. एका अभ्यासात (ठिकाण सांगत नाही) माझ्याकडे अशा नोंदी आल्या की पेशंट रुग्णालयात पोचायच्या सहा मिनिटं आधीच त्याला सलाइन लागलेलं. एक-दोन नव्हे, चाळीसेक. आठवडाभर आम्ही डेटा एंट्रीवाल्या मुलाला बोलत होतो. शेवटी लक्षात आलं की भिंतीवरचं घड्याळ पुढे होतं. त्या मुलाला मी नंतर चहा पाजला, पण तो अजून माझ्याशी जपूनच बोलतो.

हे किरकोळ वाटत असेल तर ट्रॅनेक्झॅमिक आम्लाची गोष्ट ऐका. अपघातात रक्तस्राव होणाऱ्या पेशंटना हे स्वस्तातलं औषध द्यावं का, यावर ‘क्रॅश-२’ नावाची चाचणी झाली. ४० देश, २७४ रुग्णालयं, २०,२११ पेशंट. निकाल २०१० मध्ये आला: मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर. पुढच्या वर्षी त्याच आकड्यांची वेळेनुसार फोड केली. तासाभरात औषध मिळालं त्यांच्यात रक्तस्रावानं होणारे मृत्यू ७.७ वरून ५.३ टक्क्यांवर आले. तीन तासांनंतर मिळालं त्यांच्यात मात्र ३.१ वरून ४.४ वर गेले. उशिरा दिलं तर तेच औषध नुकसान करतं. आता विचार करा, जतच्या पलीकडच्या वाडीवरून मिरज गाठेपर्यंत किती वेळ जातो, आणि अपघाताची वेळ अर्ध्या तासानं चुकीची लिहिली तर पेशंट कोणत्या रकान्यात जाऊन बसतो.

बेशुद्ध माणसाची संमती कशी घेता?

नियम सांगते, मग प्रत्यक्षातलं.

नियमाप्रमाणे पेशंट संमती देऊ शकत नसेल तर कायद्यानं मान्य असलेला त्याचा जवळचा माणूस ती देतो. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार लागतो. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत, आणि त्याआधी २०१७ मध्ये आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, नीतितत्त्वांची मार्गदर्शिका काढली. आणीबाणीत आधी उपचार, शुद्ध आल्यावर किंवा नातेवाईक पोचल्यावर संमती, अशी वाटही ठेवलेली आहे. पण ती नीतिसमितीनं आधी तपासून मंजूर केलेली हवी. या समितीत किमान सात जण असतात, त्यात एक सामान्य नागरिक, एक कायद्याचा जाणकार आणि किमान एक स्त्री असावी लागते. डॉक्टरांनी आपापसात ठरवलं आणि सुरू केलं, असं चालत नाही.

प्रत्यक्षात पेशंटला घेऊन आलेला माणूस ट्रॅक्टरचा ड्रायव्हर असतो. त्याला नाव पण माहीत नसतं. बायको मागच्या एसटीनं येतेय. ती आली की कागद पुढे केल्यावर पहिला प्रश्न: ‘सही कशाला? ऑपरेशन हाय का?’ सही म्हणजे धोका, हे आपल्याकडे पक्कं बसलंय. तिथे बसून शांतपणे समजावणारी रिसर्च नर्स माझ्यापेक्षा कितीतरी अवघड काम करते, आणि तिचा पगार माझ्यापेक्षा कमी असतो. हे बरोबर नाही, असं मी दर मीटिंगला बोलते.

संख्याशास्त्राचा पेच पुढे येतो. नंतर नकार देणारे कोण असतात? ज्यांचा पेशंट दगावला ते कागदाकडे बघायच्या मनःस्थितीत नसतात. त्यांचा नकार आपण मानतो, मानलाच पाहिजे. पण त्यामुळे छेदातून दगावलेले गळतात आणि उरलेल्यांत औषध उगाच गुणी दिसायला लागतं. म्हणून नकार दिलेले किती आणि कोणत्या गटातले, एवढी तरी मोजदाद ठेवायची परवानगी मी समितीकडे आधीच मागते.

चिठ्ठ्या टाकून उपचार ठरवता म्हणे? माणुसकी आहे की नाही?

हा प्रश्न रागानं येतो आणि तो राग मला समजतो.

डॉक्टरच्या हातात निवड ठेवली तर काय होतं? नवं औषध तो जास्त सिरियस पेशंटला देतो, कारण ‘करून तरी बघू’. किंवा उलट, वाचेल असं वाटतं त्यालाच देतो. दोन्ही वेळा औषधाच्या नावावर पेशंटचं नशीब जमा होतं. चिठ्ठीमुळे दोन्ही गट साधारण सारखे होतात आणि मग जो फरक उरतो तो औषधाचा.

आणि ‘चांगलं औषध काही जणांना नाकारलं’ असं म्हणताना ते चांगलं आहे हे कोणी ठरवलं? डोक्याला मार लागलेल्यांना स्टेरॉइड द्यायची पद्धत दशकानुदशकं चालू होती. मेंदूची सूज उतरते, असं तर्कानं पटायचं. २००४ मध्ये १०,००८ पेशंटांच्या ‘क्रॅश’ चाचणीचा निकाल आला. दोन आठवड्यांत स्टेरॉइड गटात २१.१ टक्के दगावले, दुसऱ्यात १७.९. आफ्रिकेतल्या ‘फीस्ट’ चाचणीत तापानं फणफणलेल्या, हातपाय गार पडलेल्या ३,१४१ मुलांना घेतलं होतं. अशा मुलाला भराभर सलाइन सोडायचं, हे पाठ्यपुस्तकात होतं. २०११ चा निकाल असा: ४८ तासांत भराभर सलाइन दिलेल्यांपैकी १०.५ टक्के मुलं गेली, ज्यांना तसं दिलं नाही त्यांच्यापैकी ७.३ टक्के. ही चाचणी मधेच थांबवली गेली, कारण आकड्यांवर लक्ष ठेवणारी स्वतंत्र समिती असते आणि तिच्यात माझ्यासारखं कोणीतरी बसलेलं असतं.

चिठ्ठीची शिस्त मात्र पाळावी लागते. सीलबंद पाकिटं ट्यूबलाइटसमोर धरली की आतला शब्द दिसतो, हे मी एका ठिकाणी डोळ्यांनी बघितलंय. पाकीट क्रमांक १४ च्या आधी १७ फुटलेलं होतं आणि डॉक्टर अगदी निरागसपणे म्हणाले, ‘अहो मॅडम, पोरगा तरुण होता.’ त्यांचा हेतू वाईट नव्हताच. पण तो अभ्यास तिथेच संपला. आता पाकिटात काळा कागद घालतो, किंवा सरळ संगणकावरून चिठ्ठी निघते.

आपल्या भागात असं काही झालंय का, की सगळं परदेशातलंच सांगणार?

झालंय, आणि चांगलं झालंय.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं लाल विंचवावरचं काम तुम्हाला माहीत असेल. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून त्यांनी कोकणातले मृत्यू कसे खाली आणले हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्यांनी पुढे केलेली चाचणी मात्र कमी लोकांना माहीत आहे. नुसतं प्राझोसिन, की प्राझोसिन अधिक विंचवाची प्रतिलस? चिठ्ठ्या टाकून ७० पेशंट, प्रत्येक गटात ३५. दहा तासांत लक्षणं पूर्ण गेली असे प्रतिलस मिळालेल्या गटात ३२, दुसऱ्यात ८. २०११ मध्ये हे बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. फरक एवढा ढळढळीत असेल तर ७० पेशंट पुरतात. तालुक्याच्या गावात बसून असं काम होतं, हे मी पोरांना मुद्दाम सांगते.

दुसरं उदाहरण बारामतीचं आणि ते जास्त गुंतागुंतीचं आहे. आपल्याकडे ‘औषध प्यायला’ म्हटलं की सगळे समजतात. द्राक्षाच्या, उसाच्या, टोमॅटोच्या पट्ट्यात फवारणीचं औषध प्रत्येक घराच्या कोपऱ्यात असतं. ऑर्गॅनोफॉस्फरस हा त्यातलाच कीटकनाशकांचा एक गट. त्याच्या विषबाधेत अ‍ॅट्रोपिन या उताऱ्याबरोबर प्रॅलिडॉक्झिम हा दुसरा उतारा द्यायचा का, दिला तर किती, हा जुना वाद. बारामतीत २०० पेशंटांवर चाचणी झाली: सतत ठिबकत दिलेला मोठा डोस विरुद्ध दर चार तासांनी दिलेला डोस. शंभरातला १ मृत्यू विरुद्ध शंभरातले ८. हे २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. तीन वर्षांनी श्रीलंकेतल्या चाचणीचा निकाल आला. तिथे तुलना औषध विरुद्ध नुसतं सलाइन अशी होती, २३५ पेशंट. औषध गटात २४.८ टक्के दगावले, दुसऱ्यात १५.८, हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा दिसला नाही हे नक्की.

मग खरं कोण? रेसिडेंट मला हे परीक्षेच्या आदल्या दिवशी विचारतात. माझं म्हणणं असं की दोघांनी वेगळे प्रश्न विचारले. एकानं ‘कसं द्यावं’ विचारलं, दुसऱ्यानं ‘द्यावं का’. आणि मृत्यूचे आकडे बघा, एकीकडे एकेरी, दुसरीकडे पंधरा ते पंचवीस टक्के. छेदातली माणसंच वेगळी आहेत: कोणतं कीटकनाशक, किती प्यायलं, किती वेळात पोचले, व्हेंटिलेटर मिळाला का. आपल्या वॉर्डातला पेशंट या दोघांपैकी कोणाच्या छेदातला आहे, हे आधी बघा. उत्तर देणं डॉक्टरचं काम, मी एवढ्यावर थांबते.

थिसिससाठी तीस पेशंट पुरेत ना?

बहुधा नाही. ‘तीस’ हा आकडा कुठून आला हे मला बारा वर्षांत कोणी सांगू शकलेलं नाही. सीनियरकडून ज्युनियरकडे तो वहीसारखा येतो.

ढोबळ हिशेब असा. मृत्यूदर १० टक्के आहे आणि नव्या उपचारानं तो ५ वर येईल अशी आशा आहे. तो फरक ८० टक्के खात्रीनं पकडायचा तर प्रत्येक गटात सुमारे ४३५ पेशंट लागतात. आशा जरा वास्तवात आणा, १० वरून ७ म्हणा, तर प्रत्येक गटात १,३५० च्या आसपास. तुमच्याकडे वर्षाला असे ३०० पेशंट येत असतील आणि निम्मे अभ्यासात बसत असतील, तर ८७० गोळा व्हायला जवळजवळ सहा वर्षं जातील. तुमचं एमडी तीन वर्षांचं आहे.

मग काय करायचं? मृत्यूवर अभ्यास करू नका. साधा, नीट मोजता येणारा प्रश्न घ्या. सर्पदंशात रक्त गोठतंय का हे बघायची वीस मिनिटांची काचेच्या नळीतली चाचणी आहे ना, तीच दोन जणांनी एकमेकांना न विचारता वाचली तर किती वेळा जुळते? नळी साबणानं धुतलेली असेल तर रक्त गोठत नाही आणि निकाल खोटा येतो, प्लॅस्टिकच्या नळीतही भरवसा नाही. तुमच्या वॉर्डात प्रत्यक्षात काय वापरतात? दोन-तीनशे नोंदींत होणारं, उपयोगी आणि प्रामाणिक काम आहे हे. पण गाइडना ‘परिणामकारकता’ असा शब्द शीर्षकात हवा असतो, त्याला मी काय करू.

पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आणून द्याल का?

नाही.

थोडं सविस्तर: उपचारानं काहीच फरक पडत नसता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगानं दिसायची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू. ती ०.०५ च्या खाली आली की निकाल छापण्याजोगा मानतात, म्हणून ती खाली येईपर्यंत मोजायची गोष्टच बदलत राहायचा मोह होतो. पण अभ्यासात मुख्यतः काय मोजणार, हे सुरुवातीलाच सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत लिहावं लागतं. ही नोंदवही २००७ पासून आहे आणि २००९ पासून औषध चाचण्यांना बंधनकारक. तिथे ‘२८ दिवसांतले मृत्यू’ लिहिलं असेल आणि पेपरमध्ये ‘तिसऱ्या दिवशीचं लॅक्टेट’ (रक्ताची एक तपासणी) पुढे आलं, तर शोधणारा पाच मिनिटांत शोधतो. माझी जुळवाजुळव पकडली जाईल म्हणून मी करत नाही असं नाही, पण ते कारणही आहेच.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक कोणती?

दोन सांगते. पहिलीला मी ‘अमर काळ’ म्हणते. कोणीतरी आकडे घेऊन येतं: ज्यांना तिसऱ्या दिवशी अमुक उपचार सुरू झाला, ते इतरांपेक्षा जास्त जगले. अहो, तिसऱ्या दिवशी उपचार सुरू व्हायला तिसऱ्या दिवसापर्यंत जगावं लागतं! पहिल्या रात्री गेलेले सगळे आपोआप ‘उपचार न मिळालेले’ झाले. इथे उपचारानं काहीच केलेलं नसू शकतं.

दुसरी, रुग्णालयातला सरासरी मुक्काम. ‘आमचा मुक्काम आठ दिवसांवरून पाचवर आला,’ असं एका सादरीकरणात अभिमानानं सांगितलं गेलं. मी विचारलं, लवकर घरी गेले की लवकर वारले? दोघांचाही मुक्काम कमीच असतो. त्या संध्याकाळी चहाला माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही.

नोंदी गहाळ झाल्या तर?

होतातच. महत्त्वाचं असतं ते का झाल्या. उंदरानं कागद खाल्ला तर फारसं बिघडत नाही, कारण उंदीर पेशंट किती सिरियस ते बघून खात नाही. पण अतिसिरियस पेशंटचं बीपीच लिहिलेलं नसतं, कारण सगळे त्याला वाचवण्यात गुंतलेले असतात. तो रकाना रिकामा आहे, हीच एक माहिती असते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ आहे. त्या आठवड्यात सांगलीत रस्ते बंद, गावं तुटलेली, लोक पत्र्यांवर. त्या दिवसांची रजिस्टरं बघितली तर हार्ट अटॅक कमी झाल्यासारखे दिसतात. कमी कशानं होतील? पोचू शकले नाहीत. अशा आठवड्याची भर सरासरीनं घालू नये. मी तो आठवडा वेगळा काढून ठेवते आणि तसं स्पष्ट लिहिते.

या क्षेत्रात यायला काय शिकावं?

बीएस्सीला संख्याशास्त्र, मग एमएस्सी. आपल्याला जवळ कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि पुणे विद्यापीठ. खास बायोस्टॅटिस्टिक्स हवं तर मुंबईत देवनारची आयआयपीएस आहे, वेल्लोरचं सीएमसी आहे. सॉफ्टवेअरमध्ये ‘आर’ शिका, फुकट आहे. औषध कंपन्यांच्या कामाला ‘सॅस’ लागतं. एक्सेलमध्ये आकडे बघा, पण हिशेब ठेवू नका. मी एक आख्खा रकाना चुकीच्या क्रमानं सॉर्ट झालेला बघितलाय, एकाचं वय दुसऱ्याच्या मृत्यूला चिकटलेलं.

पुस्तकी गोष्टींइतकंच महत्त्वाचं म्हणजे एक महिना कॅज्युअल्टीत बसा. रात्रपाळीत. ‘जीसीएस ९’ हा आकडा (पेशंट किती शुद्धीवर आहे याचे ३ ते १५ मधले गुण) कोण, किती घाईत, कशा उजेडात लिहितं ते बघा. मग त्याला दशांश लावायची हिंमत होणार नाही.

आणि कोणी म्हणालं की आपल्या भागाचा आणि संख्याशास्त्राचा काय संबंध, तर पां. वा. सुखात्म्यांचं नाव सांगा. १९११ साली खटाव तालुक्यातल्या बुध गावी जन्मलेला हा माणूस नमुना सर्वेक्षणात जगभर नावाजला गेला आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत रोमला संख्याशास्त्राचं काम बघत होता. साताऱ्यातल्या किती कॉलेजांत हे सांगतात, कोण जाणे.

सांगली-साताऱ्यात राहून पोट भरतं का?

भरतं, पण एकाच ठिकाणाहून नाही. मेडिकल कॉलेजांतली पदं मोजकी. बरेच जण पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांचं काम घरून करतात आणि जोडीला इथल्या डॉक्टरांचे अभ्यास घेतात. मीही तेच करते. ‘एवढंसं टेबल करून द्या हो’ म्हणणाऱ्यांना फी आधी सांगायची, हे शिकायला मला चार वर्षं लागली.

रात्री-अपरात्री जावं लागतं का?

नाही. फोन मात्र येतात.

आता एआय आलंय, तुझं काम जाईल ना?

कोड लिहून देतं, झकास देतं. पण भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे हे बघायला कोणीतरी भिंतीपर्यंत जावं लागतं.

दिवसभर मृत्यू मोजून त्रास होत नाही का?

होतो, विशेषतः वय लिहिलेल्या रकान्यात. ते सांगत बसत नाही.

त्यापेक्षा फोनचं सांगते. आमच्या बऱ्याच अभ्यासांत तिसाव्या दिवशी पेशंट जिवंत आहे का, एवढंच विचारायचं असतं. गळितात ही मोठी पंचाईत, कारण ऊसतोडीला आलेल्यांचा नंबर मुकादमाचा असतो आणि टोळी एका फडावरून दुसऱ्यावर गेलेली असते. गेल्या हंगामात घोणस चावलेला एक तरुण सहा दिवस राहून घरी गेला होता. रिसर्च नर्स सुटीवर, म्हणून फोन मी लावला. पाचव्यांदा उचलला. मागे ट्रॅक्टरवर गाणं चालू होतं. नाव सांगितलं तर मुकादम म्हणाला, ‘तो व्हय? मोळ्या बांधतोय की. सांच्याला करा, आता येत न्हाई तो.’

आमच्या फाइलीत दगावला त्याला एक असतं आणि जिवंत त्याला शून्य. मी शून्य लिहिलं आणि पुढचा नंबर लावला.